समुद्रसपाटीवरची डाळ

डाळ शिजत नाही असं कुणी म्हटलं की माझ्याकडे एकच कारण तयार असे, ते म्हणजे उंची. समोरची बाई कुठे राहते ते विचारायचं, मनातल्या मनात मीटर मोजायचे आणि निकाल देऊन टाकायचा. नाशिकची भाची, पुण्याची वहिनी, हिमालयात ट्रेकला जाणारे माझे विद्यार्थी, सगळ्यांना मी हेच औषध दिलं. तीनशे मीटर वर चढलं की पाण्याचा उत्कलनांक साधारण एका अंशाने उतरतो, हे वाक्य वर्गात इतक्या वेळा उच्चारलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. वाक्य आजही बरोबरच आहे. बदललं ते त्याच्या वजनाबद्दलचं माझं मत. वसई-विरारमध्ये संसार करून आणि इथल्या पाण्यावर वरण रांधून मी आता असं म्हणू लागले आहे, की आपल्याकडच्या बहुतेक स्वयंपाकघरांत उंची ही या भानगडीतली सगळ्यात किरकोळ आरोपी आहे.

हे मत मला सहजासहजी पचलं नाही, कारण उंचीशी माझं नातं माहेरचं. पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांपर्यंत पोचतच नाही, 95 आणि 96च्या मध्ये कुठेतरी उकळू लागतं. एकदा उकळलं की खाली कितीही जाळ करा, तापमान तसूभर पुढे सरकत नाही. वाढते ती फक्त वाफ. आईला हे अंशांत सांगता आलं नसतं, पण तिच्या दिवसाची आखणी त्यावरच होती. कोरेगावकडून वाघ्या घेवडा यायचा. तो रात्री भिजत पडायचा आणि आमची शाळेची गडबड सुरू व्हायच्या आधी चुलीवर चढायचा. घेवडा अर्धाकच्चा खाऊ घालायचा नाही, यावर तिचा कटाक्ष. त्यातलं लेक्टिन नीट उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही आणि पोटाची वाट लावतं, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. वाईहून आलेली मावशी म्हणायची, "तुमच्याकडे सगळंच बाई सावकाश." वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी, 700 मीटरच्या आसपास. तिच्या आणि आमच्या पातेल्यात जेमतेम दोन अंशांचा फरक, पण तो तिला जाणवायचा.

दोन अंशांनी एवढं काय बिघडतं? शिजणं ही रासायनिक क्रिया आहे, आणि अशा क्रियांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी उतरलं की वेळ जवळजवळ दुप्पट होतो. त्या हिशेबाने समुद्रकाठी पाऊण तासात शिजणारी डाळ पाचगणीत उघड्या भांड्यात तासभर घेईल. भाताची तक्रार कमी असते, कारण तांदळातलं स्टार्च 65 ते 75 अंशांतच फुगू लागतं. अंड्याचंही तसंच, ते ऐंशीच्या आत घट्ट होतं. डाळ, कडधान्यं आणि बटाटा यांचं मात्र जरा निराळं. त्यांच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, विटांमध्ये सिमेंट असावं तशा. हे पेक्टिन सुटतं ते उत्कलनांकाच्या जवळपास गेल्यावर, आणि तेही वेळ घेऊन. म्हणून उंचीवर भात होतो आणि वरण अडतं.

उंचीच्या सिद्धांताची मला भुरळ पडायचं आणखी एक कारण म्हणजे त्याच्यासोबत येणाऱ्या गोष्टी. नैनसिंग रावत 1866 मध्ये यात्रेकरूच्या वेषात ल्हासाला पोचला आणि उकळत्या पाण्यात तापमापी बुडवून त्याने त्या शहराची उंची काढली. पाणी किती अंशांना उकळतं यावरून पर्वत मोजायचे, ही कल्पनाच मला फार आवडायची. दुसरी गोष्ट डार्विनची. मार्च 1835 मध्ये अँडीज ओलांडताना त्यांच्या मुक्कामावर बटाटे रात्रभर विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळले, तरी शिजले नाहीत. डार्विनला कारण ठाऊक होतं. त्याच्या दोघा सोबत्यांनी मात्र ठरवून टाकलं की हे नवं भांडंच अवलक्षणी, त्याच्या मनात बटाटे शिजवायचे नाहीत. वर्गात हमखास हशा. मीही हसत असे, अर्थातच डार्विनच्या बाजूने.

लग्न होऊन मी वसईत आले, निर्मळजवळच्या एका वाडीत. केळी, पानवेली, अळू, घराला लागून बाव आणि पलीकडे बावखल. बाव म्हणजे विहीर, आणि बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं, वाडी ओली ठेवणारं आणि बावींना गोड पाणी पुरवणारं तळं. वसईबाहेरच्या माणसाला हे शब्द सांगावे लागतात. मी मनात हिशेब मांडूनच आले होते: उंची जवळजवळ शून्य, हवेचा दाब पुरेपूर, तेव्हा डाळ झटपट. आईच्या घरी एक तास लागत होता, इथे पाऊण.

तसं झालं नाही. डाळ पाऊण तासात झाली नाही, तासातही होईना. एखाद्या दिवशी ती इतकी सुरेख गळायची की रवीची गरज पडू नये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातली, त्याच चुलीवरची डाळ दाण्याला दाणा वेगळा ठेवून वर पाणी धरून बसायची. सासूबाईंना याचं नवल नव्हतं. त्या विचारायच्या, "पाणी कुठलं घेतलंस?" घराजवळच्या बावीचं घेतलेलं असलं की पुढचं बोलणं नाही. वरणाचं पाणी चुलतसासऱ्यांच्या बावीवरून आणायचं, बावखलाच्या कडेच्या. एक कळशी खास त्यासाठी होती. घरच्या बावीचं पाणी अंघोळीला, भांड्यांना, फार तर भाताला.

मला हे पटत नसे. पाणी म्हणजे पाणी, त्यात आवडनिवड कसली, असं मी नवऱ्याला म्हणत असे. सासूबाईंसमोर म्हणायची टाप नव्हती. त्यांचं स्पष्टीकरण असं की घरची बाव खारट झाली आहे आणि खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्यावर माझं उत्तर तयार होतं. पाण्यात मीठ विरघळलं तर उत्कलनांक थोडा चढतो, उतरत नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भर समुद्राचं पाणी भरून आधणाला ठेवलं तर ते 100 अंशांच्या वर अर्धा अंश जाऊन उकळेल. म्हणजे खाऱ्या पाण्यात डाळ उलट लवकर शिजायला हवी! एवढा बिनतोड मुद्दा हाती असताना मी ती कळशी वाहत होते, याचं मला वाईट वाटायचं.

बाव खारट का झाली ते मात्र सगळ्या वसईला ठाऊक होतं. स्टेशनांभोवती इमारती वाढत होत्या, वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून तिकडे चाललं होतं, आणि गोडं पाणी उपसलं की जमिनीखालून समुद्र आत सरकतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध उभा केलेला लढा हा तेव्हाचा रोजच्या बोलण्यातला विषय होता. त्या लढ्याचा आणि आमच्या वरणाचा संबंध सासूबाईंना सरळ दिसत होता. मला तो दिसायला वाडी सोडावी लागली.

पुढे आम्ही विरार पश्चिमेला, बोळींजच्या बाजूला एका उंच इमारतीत राहायला गेलो, एकोणिसाव्या मजल्यावर. तिथे एक नवीनच प्रवाद ऐकला. वरच्या मजल्यांवर डाळ शिजत नाही. एकीने सांगितलं, दुसरीने दुजोरा दिला, आणि लिफ्टमध्ये गाठून मला विचारलं, "टीचर, उंचीमुळे होतं ना हे? तुम्हीच शिकवता म्हणे." प्रश्न माझ्याच पेठेतला. मी "हो, उंचीवर उत्कलनांक..." अशी सुरुवातही केली, आणि मग सवयीने आकडा मांडला. एकोणीस मजले म्हणजे साठ मीटरसुद्धा नाहीत. तीनशे मीटरला एक अंश, तर साठ मीटरला किती? एका अंशाचा पाचवा हिस्सा. एवढा फरक विरारमध्ये नुसता ऋतू बदलला तरी पडतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवेचा दाब जानेवारीपेक्षा साधारण दहा हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे पाणी पाव अंशाहून थोडं अधिकच लवकर उकळतं. वाडीत बसून आषाढात रांधणारी बाई, दाबाच्या भाषेत, जानेवारीतल्या एकोणिसाव्या मजल्याच्याही वर असते. आणि पाव अंशाने डाळीचा वेळ वाढणार किती, तर अर्ध्या तासामागे अर्धं मिनिट.

म्हणजे उंची नाही, असं मी लिफ्टमधून उतरताना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच उंचीच्या विरुद्ध साक्ष दिली. पण बाईंची डाळ शिजत नव्हती हेही खरं. माझीही शिजत नव्हती.

मग एका रविवारी मी कुकरमध्ये तूरडाळीचे दोन डबे लावले. डाळ एकाच पिशवीतली, वजन सारखं, पाणी सारखं मोजून. एका डब्यात सोसायटीच्या टाकीतलं पाणी, त्या आठवड्यात ते टँकरचं होतं. दुसऱ्यात आरओ मशीनचं. भिजवणंही त्या-त्या पाण्यात. एकाच कुकरात, एकाच झाकणाखाली, म्हणजे दाब, तापमान, वेळ, जाळ, मजला, सगळं दोघांना समान. वेगळं काय ते पाणी. झाकण उघडलं तेव्हा आरओच्या डब्यातली डाळ फुगून कडेला टेकली होती, पळी फिरवताच एकजीव झाली. टँकरच्या डब्यात वर तीन बोटं पिवळसर पाणी आणि खाली डाळ बसलेली. एक फाक चिमटीत दाबली तर ती पिचली नाही, बोटांतून निसटली; नखाने तोडली तर आत पांढुरका, पिठूळ गाभा. डबा घासताना आतल्या कडेला, पाण्याच्या रेघेवर, खडूसारखा थर हाताला लागला. तो थर मी त्या घरात रोजच घासत होते. बादल्यांवर, नळाच्या तोट्यांवर, गीझरच्या कॉइलवर, सगळीकडे तोच.

शाळेत विज्ञानाचे सगळेच धडे माझ्याकडे असत. उत्कलनांकाचा धडा मी शिकवत असे आणि दुष्फेन पाण्याचाही. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबणाला फेस येत नाही, बॉयलरमध्ये थर साचतो, उकळल्याने काही कठीणपणा जातो, काही जात नाही. परीक्षेत हेच विचारतात. त्या धड्यात डाळीचं नाव नाही, आणि मीही कधी ते आणलं नाही. खरं तर गोष्ट सरळ आहे. पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम भेटलं की त्याच्या साखळ्या एकमेकींना आणखी घट्ट बांधल्या जातात. कुकर 120 अंश देत असला तरी गाठ सोडवायची ती पाणी पुन्हा बांधतं. भारतीय मानक ब्युरोच्या निकषांप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. या दोन आकड्यांमध्ये माणसाच्या तब्येतीला फार फरक पडत नसेल, वरणाला मात्र पडतो.

आता सासूबाईंच्या खारेपणाकडे वळते, कारण तिथे मामला गमतीचा आहे आणि मी त्यावर बराच विचार केला आहे. त्यांचं निरीक्षण पक्कं होतं, पण दोष त्यांनी मिठाला दिला होता. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मीठ तर असतंच, पण जवळजवळ 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम आणि 0.4 ग्रॅम कॅल्शियमही असतं. समुद्र बावीत शिरतो तेव्हा हे दोघे त्याच्याबरोबर आत येतात. जिभेला कळतो खारेपणा, डाळ अडवतात ते सोबती. नुसत्या मिठाचं वागणं तर उलटं. कडधान्य भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. वाल, हरभरा, घेवडा यांच्याबाबत मी हे आता नेहमीच करते.

"मीठ आधी घालू नकोस, डाळ शिजायची नाही," हे मात्र दोन्ही घरी शिकवलं होतं, पाचगणीलाही आणि वसईलाही. नवीन माहिती हाती आल्यावर मी ते अडाणीपणाच्या खात्यावर टाकायला निघाले होते, पण हात आखडला. आज आपण वापरतो ते धुतलेलं, शुद्ध केलेलं, आयोडिनयुक्त मीठ. सासूबाईंच्या ऐन उमेदीत घरात यायचं ते नायगावकडच्या मिठागरांतलं खडे मीठ, गोणीतून. पावसाळ्यात त्याच्या बरणीला पाणी सुटायचं, तळाशी कडवट रस जमायचा. ते पाणी सुटतं कशामुळे, तर मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. तेव्हा त्या मिठातूनही डाळीत थोडे कठीण क्षार जात असणारच, आणि डाळ आधीच कठीण पाण्यात असली तर तेवढ्यानेही बिघडत असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण त्या मिठासाठी केलेला नियम या मिठाला लागू पडत नाही, एवढंच म्हणून मी थांबते. नियम करणाऱ्या बायकांनी काही पाहिलंच नव्हतं असं म्हणायला मी आता तयार नाही.

चिंच, कोकम, कैरी, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचे, हा नियम मात्र जसाच्या तसा टिकतो. आंबट पाण्यात पेक्टिन सुटायला फार वेळ घेतं.

पाणी बदलूनही कधीकधी डाळ हटून बसते. तिथे मला तिसरा आरोपी सापडला, आणि वसई-विरारच्या हवेत तो फार माजतो. जुनी डाळ. आपल्याला वाटतं धान्य वाळलेलं आहे, कीड लागली नाही म्हणजे ते जसंच्या तसं राहतं. तसं नसतं. कडधान्याच्या दाण्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्याजवळ धरून ठेवतं. गरम आणि दमट जागेत दाणा महिनोन् महिने पडून राहिला की हे फायटेट हळूहळू मोडतं, धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि दाण्यातल्याच पेक्टिनला जाऊन चिकटतं. बाहेरून पाणी कितीही मऊ ओता, कठीणपणा दाण्याच्या पोटातच तयार झालेला असतो. असा दाणा भिजतो, फुगतो, पण गळत नाही. पाचगणीत पावसाळ्यात आमच्या भिंतींना बुरशी यायची, दमटपणाची तिथे काही कमी नव्हती. पण ती थंड दमट हवा. वसईची हवा दमटही आणि गरमही, म्हणजे अशा बिघाडाला हवी तशी. सासूबाई मे महिन्यात वाल आणि डाळी अंगणात कडक उन्हात घालून, गार करून, मग पत्र्याच्या डब्यांत झाकण घट्ट लावून ठेवायच्या आणि नवं आल्यावर जुनं आधी संपवायच्या. फ्लॅटमध्ये आल्यावर मी मॉलमधल्या सवलतीला भुलून पाच-पाच किलो डाळ आणून गॅसच्या शेगडीखालच्या कपाटात ठेवत होते. घरातली सगळ्यात उबदार आणि सगळ्यात ओलसर जागा तीच. आता एक-एक किलोच आणते आणि पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघते. ती तारीख पिशवीत भरल्याची असते, शेतातून निघाल्याची नाही, त्यामुळे तिच्यावरही पुरता विश्वास नाही.

मग उंचीचं काय उरलं? बरंच उरलं, पण दुसरीकडे. एका भाच्याने लेहला घर भाड्याने घेऊन महिनाभर स्वतःच्या हाताने रांधलं, तेव्हा त्याने फोनवर केलेली तक्रार उंचीचीच होती. लेह 3,500 मीटरवर, पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. तिथे कुकरशिवाय राजमा करायचा म्हणजे दिवस घालवायचा. आणि कुकर असला तरी उंची पूर्ण जात नाही, हे फार जणांना माहीत नसतं. शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेच्या वर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब साठू देतं. बाहेरची हवाच विरळ असेल तर एकूण दाब तेवढा कमी. वसईत शिट्टी उडते तेव्हा आत 120 अंश असतात, पाचगणीत 117-118, लेहमध्ये 114च्या आसपास. म्हणजे उघड्या पातेल्यातला फरक कुकर जवळपास निम्म्यावर आणतो, संपवत नाही. लेहला हे सहा अंश जाणवतात. पाचगणीला मात्र दहा मिनिटांच्या डाळीला फार तर दोन मिनिटं जास्त लागतील. आणि कळसूबाईच्या माथ्यावर, 1,646 मीटरवर, पातेलं ठेवलं तरी पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळेल. महाराष्ट्रात त्याहून वर चूल मांडायला जागा नाही. कुकर घरोघरी पोचलेल्या या राज्यात उंचीचा वाटा दोन-तीन मिनिटांचा, आणि पाणी किंवा जुनाट दाणा बिघडला तर अर्धा तास वाढवूनही भागत नाही. मी इतकी वर्षं ज्याला त्याला पहिला प्रश्न "राहता कुठे?" असा विचारत होते. आता "पाणी कुठलं, डाळ कधीची?" असं विचारते.

डार्विनच्या सोबत्यांवरचं माझं हसूही कमी झालं आहे. कारण चुकीचं होतं त्यांचं, पण त्या दोघांनी निदान भांड्याकडे तरी पाहिलं. मी पाचगणीचा आकडा पाठ करून बसले होते आणि डब्याच्या कडेचा पांढरा थर रोज काथ्याने घासून टाकत होते.

शिट्ट्यांबद्दलचं मतही याच ओघात बदललं, ते थोडक्यात सांगते. "तीन शिट्ट्या" हे काही माप नाही. गॅस मोठा असला की शिट्ट्या भराभर होतात, बारीक असला की होतच नाहीत. रिंग सैल असली, कुकर अर्धा रिकामा असला, तर हिशेब वेगळा. डाळीला हवा असतो तो पूर्ण दाबाखालचा वेळ. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून घड्याळ लावायचं, एवढं पुरतं आणि गॅसही वाचतो. हे मी सगळ्यांना सांगते आणि स्वतः मात्र अजून शिट्ट्याच मोजते. तोंडाने ओव्या म्हणत दळणाऱ्या बायकांच्या वंशातली असल्यामुळे असेल, कानाने मोजायची सवय जात नाही.

सध्या आमच्याकडे अशी व्यवस्था आहे. सूर्या धरणाचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी स्वयंपाकघरातला एक पिंप त्याने भरून घ्यायचा, वर झाकण, आणि त्याला वरणाशिवाय कुणी हात लावायचा नाही. धामणीच्या डोंगरांतून आलेलं ते पावसाचं साठवलेलं पाणी, किनाऱ्यावरच्या बोअरपेक्षा पुष्कळ मऊ. पिंप संपला आणि टँकर आला तर नाइलाजाने आरओचं. ते मला खुपतं, कारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे मशीन दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, आणि ज्या गावात पाण्यासाठी मोर्चे निघतात तिथे वरण गळावं म्हणून असं पाणी सोडणं बरं दिसत नाही. ते सोडलेलं पाणी मी बादलीत धरते आणि लादी पुसायला वापरते. लादीवर पांढरे डाग पडतात, ते पडू दे.

सासूबाई आता आमच्याबरोबरच राहतात. पिंपाची कल्पना त्यांना नवीन वाटली नाही, फक्त कळशीऐवजी पिंप कशाला एवढीच शंका होती. कॅल्शियमची हकिकत मी त्यांना सगळी सांगितली, त्यांनी ऐकून घेतली, आणि मिठाबद्दलचं माझं म्हणणं साफ नाकारलं. वाल भिजवताना मीठ घालते ते मी त्यांच्यासमोर घालत नाही.

सोड्यावरून मात्र आमचं अजून वाजतं. त्यांच्या मते या सगळ्या खटाटोपाची गरजच नाही, चिमूटभर खायचा सोडा टाकला की कसलीही डाळ, कसल्याही पाण्यात गळते. त्यांचं खरं आहे, गळते. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिन पटकन तुटतं. पण त्यात डाळीतलं बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं, चवीला साबणासारखी एक छटा येते आणि डाळीचा रंगही उतरतो. हे मी त्यांना आकडेवारी देऊन समजावते. त्या म्हणतात, पन्नास माणसांचं वरण करायची वेळ आली की तुला कळेल. येत्या मे महिन्यात नणंदेच्या मुलाच्या हळदीला वाडीत घरचंच जेवण आहे. वरण माझ्याकडे आलंय, पाणी घरच्या बावीचं असणार, आणि सोड्याची पुडी सासूबाईंनी आत्ताच पिशवीत टाकून ठेवली आहे.